सिगारेट सुटल्यानंतरचं वर्ष: तब्येतीची वही कशी ठेवायची

सिगारेट सोडल्यावर पहिल्या महिन्यात बऱ्याच जणांना आधीपेक्षा वाईट वाटतं. खोकला वाढतो, तोंड येतं, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त दिसतं, पोट साफ होत नाही, रात्री डोळा लागत नाही आणि वजनाचा काटा वर सरकतो. नेमकं तेव्हाच घरातलं किंवा कंपनीतलं कुणीतरी म्हणतं, "ओढत होतास तेव्हाच बरा होतास रे." आणि माणूस टपरीवर परत जातो. या तक्रारींपैकी जवळपास प्रत्येकीचं कारण माहीत आहे आणि बहुतेक काही आठवड्यांत ओसरतात. त्याच काळात शरीरात चांगलं बरंच काही घडत असतं, पण ते आपोआप जाणवत नाही, मोजावं लागतं. म्हणून ही वही. मोबाइलमधलं ॲप चालेल, पण शंभर पानी वही आणि दोरीला बांधलेलं पेन जास्त टिकतं, असा माझा अनुभव आहे.

व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, आधीच बोलून घेऊ. नाशिकमध्ये सिगारेट सोडली म्हणणाऱ्यांत, विशेषतः पंचविशीतल्या मुलांत, व्हेपवर गेलेले बरेच असतात. भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, वाहतूक आणि जाहिरात यांवर २०१९च्या कायद्याने बंदी आहे. त्यामुळे इथे जे मिळतं ते चोरट्या मार्गाने आलेलं असतं आणि आत काय भरलंय ते कुणीही तपासलेलं नसतं. व्हेप घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही. पण जो आधीच त्यावर आहे त्याच्या शरीरात काय बदललं आणि काय बदललं नाही, हेही वहीतून कळतं. त्याच्यासाठी पुढे वेगळा भाग आहे.

सोडण्याआधीचा आठवडा

सगळ्यात मोलाची पानं ही असतात आणि नेमकी हीच लोक गाळतात. आधीचे आकडे नसतील तर नंतरचे आकडे कशाशी ताडून बघणार? सोडायची तारीख ठरवा आणि त्याआधी सात दिवस, ओढणं चालू असतानाच, मोजायला लागा.

पहिला आकडा दिवसाला किती सिगारेटी, हा. तोंडी विचारलं तर जो तो कमीच सांगतो. महाराष्ट्रात सुट्ट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर २०२०पासून बंदी असली तरी सुट्टी मिळतेच, आणि एकेक घेणाऱ्याला आकडा कधीच कळत नाही. सोपा उपाय असा: टपरीवर पैसे यूपीआयने देत असाल तर मागच्या महिन्याचे व्यवहार काढा. चहाचे वजा करा. उरलेल्या रकमेला एका सिगारेटच्या किमतीने भागा. मित्रांनी दिलेल्या आणि मित्रांना दिलेल्या साधारण फिटतात. निघालेला आकडा पहिल्या पानावर लिहा.

त्याखाली आजवर एकूण किती ओढलं ते लिहा. डॉक्टर हे पॅक-इयरमध्ये मोजतात: रोजच्या सिगारेटी भागिले २०, गुणिले वर्षं. आपल्याकडे दहाचं पाकीट जास्त चालतं, पण हा हिशोब सगळीकडे वीसनेच करतात. रोज १० प्रमाणे १२ वर्षं ओढली असेल तर ६ पॅक-इयर झाले. पुढे छातीच्या डॉक्टरांकडे गेलात तर पहिल्या काही प्रश्नांत हा असतोच.

तिसरी नोंद म्हणजे उठल्यावर किती मिनिटांत पहिली सिगारेट पेटते. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर निकोटिनची पकड घट्ट आहे, आणि नुसत्या निर्धारावर सोडण्याऐवजी निकोटिन गम किंवा औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलून तारीख ठरवलेली बरी. १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइनचा मोफत नंबर आहे. त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्येही तंबाखूमुक्तीच्या समुपदेशनाची चौकशी करा.

काय मोजायचं आणि कसं

सकाळचे ठोके. घरच्या घरी मोजता येणाऱ्यांत स्वस्तात स्वस्त आणि सगळ्यांत लवकर बोलणारा आकडा हाच. जाग आल्यावर अंथरुणातच, मोबाइल हातात घेण्याआधी, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की चूकही चौपट होते. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी "सकाळ" म्हणजे दिवसातली सगळ्यात मोठी झोप संपते ती वेळ धरावी, मग दुपारचे तीन का वाजलेले असेनात. रात्रपाळीच्या आठवड्यात आकडे इकडे-तिकडे होतात, म्हणून पाळीही सोबत लिहा. निकोटिन हृदयाला पळवत असतं. ते थांबलं की पहिल्या काही दिवसांतच ठोके उतरू लागतात.

बीपी. मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. मोजण्याआधी अर्धा तास चहा, सिगारेट, व्यायाम काही नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून पाच मिनिटं गप्प बसा, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. आठवड्यातून दोन दिवस पुरे. घरी मोजलेलं बीपी सातत्याने १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर डॉक्टरांना दाखवा. सिगारेट सुटली म्हणून बीपी धाडकन उतरेल अशी आशा ठेवू नका. वजन वाढलं तर ते थोडं चढूही शकतं.

पीक फ्लो मीटर. श्वास किती वेगाने बाहेर फेकता येतो ते दाखवणारी ही प्लास्टिकची साधी नळी सर्जिकलच्या दुकानात काही शे रुपयांत मिळते. काटा खाली आणा, उभे राहा, छाती भरून श्वास घ्या, ओठ घट्ट मिटा आणि एकाच झटक्यात जोरात फुंका. लांब फुंकायची गरज नाही, झटका महत्त्वाचा. तीनदा करा आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा धरा. सरासरी काढू नका. पहिले तीन-चार दिवस आकडा चढतो तो बहुतेक हात बसल्यामुळे, म्हणूनच सराव सोडायच्या आधीच्या आठवड्यात उरका. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत थोडा फरक चालतो. रोजच मोठी तफावत पडत असेल तर दमा आहे का ते बघायला हवं.

दम. यासाठी दोन परीक्षा आहेत, एक घरातली आणि एक बाहेरची. घरात बिनहातांची साधी खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर दुमडून एका मिनिटात किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं ते मोजा. दर रविवारी तीच खुर्ची. बाहेरची परीक्षा महिन्यातून एकदा: गोल्फ क्लबच्या म्हणजे अनंत कान्हेरे मैदानाच्या ट्रॅकवर सहा मिनिटांत किती अंतर चालून होतं ते बघा, किंवा पांडवलेणीच्या पायऱ्या चढा. पांडवलेणी मला जास्त आवडते, कारण तिथे लबाडी चालत नाही. पायथ्याशी वेळ लावा, नेहमीच्या चालीने चढा आणि तीन गोष्टी लिहा: वर पोचायला लागलेला वेळ, मध्ये किती वेळा थांबावं लागलं, आणि पोचल्यावर सोबत्याशी सलग एक पूर्ण वाक्य बोलता आलं का. गुडघे दुखत असतील, छातीत कधी दुखलं असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर ही परीक्षा डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

वजन आणि कंबर. आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. रोज काट्यावर उभं राहून जिवाला घोर लावून घेण्यात अर्थ नाही.

आता ऑक्सिमीटर. कोरोनात घेतलेला हा चिमटा घराघरात पडलाय आणि सिगारेट ओढणारा त्यावर ९८ बघून खूश होतो. त्या आकड्यावर विसंबू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसतो आणि साध्या ऑक्सिमीटरला हे हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखता येत नाही. दोन्ही तो ऑक्सिजनमध्येच धरतो. म्हणजे भरपूर ओढणाऱ्याचा आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो, आणि सोडल्यावर खरी सुधारणा झाली तरी आकडा ९८ चा ९८ च राहतो. वहीत यासाठी रकाना आखू नका.

कार्बन मोनॉक्साइड मोजायचाच असेल तर श्वासात फुंकायचं वेगळं यंत्र असतं, ते काही तंबाखूमुक्ती केंद्रांत आणि छातीच्या डॉक्टरांकडे असतं. न ओढणाऱ्याचा आकडा साधारण ६ ते १० पीपीएमच्या खाली येतो. शरीरातला हा वायू चार-पाच तासांत निम्मा होतो, त्यामुळे सोडल्यावर एक-दोन दिवसांतच आकडा न ओढणाऱ्यासारखा होतो. जमलं तर सोडायच्या आधी एकदा आणि आठवड्याभराने एकदा फुंकून बघा. इतक्या लवकर इतका स्पष्ट बदल दुसऱ्या कुठल्याच तपासणीत दिसत नाही.

लॅबच्या तपासण्यांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल वगैरे) एवढं सुरुवातीला आणि मग तीन-चार महिन्यांनी पुरे. सीबीसीत एक गंमत दिसते. ओढणाऱ्याचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा जरा जास्त असतं, कारण कार्बन मोनॉक्साइडने अडवलेल्या ऑक्सिजनची भरपाई म्हणून शरीर जास्त लाल पेशी बनवतं. पांढऱ्या पेशीही थोड्या वाढलेल्या असतात. सोडल्यावर दोन्ही खाली येतात. हिमोग्लोबिन जरासं उतरलेलं बघून "सिगारेट सोडली आणि अशक्तपणा आला" असं समजू नका. लिपिडमध्ये चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, वाढलेलं दिसू शकतं.

वय चाळिशीच्या पुढे असेल किंवा बरीच वर्षं ओढलं असेल तर एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजायची तपासणी, करून घ्या. छातीचा एक्स-रे चांगला आला म्हणजे फुप्फुसं चांगली असं होत नाही. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, स्पायरोमेट्रीतच पकडला जातो. आणि मनाची तयारी ठेवा: सीओपीडीमुळे फुप्फुसांची गेलेली क्षमता सोडल्यावर फारशी परत येत नाही. दरवर्षी होणारी झपाट्याची घसरण मंदावते, हाच मोठा फायदा असतो. म्हणून वर्षभराने आकडा जिथल्या तिथे राहिला तर तो निकाल चांगला समजा.

रोजचं पान

रोजची नोंद दोन मिनिटांपेक्षा लांबली तर आठवड्यात बंद पडते. अंबडला कारखान्यात काम करणाऱ्या माझ्या एका मित्राच्या वहीतली ही नोंद, त्याच्या परवानगीने:

"मंगळवार. दिवस १२. रात्रपाळी. ठोके ६८. फुंकर ४१०, ४००, ४२०. खोकला २, बेडका पांढरा. तलफ ४, मोठी एक, जेवणानंतर, सुपारी खाल्ली. चहा ५. झोप साडेपाच तास. तोंड आलंय उजवीकडे. सिगारेट ०."

एवढ्या ओळीत सगळं आलं. फुंकर म्हणजे पीक फ्लोचे तीन आकडे. खोकल्याला शून्य ते तीन गुण द्यायचे: शून्य म्हणजे नाही, तीन म्हणजे झोपमोड. बेडक्याचा रंग लिहायचाच. तलफ किती वेळा आली आणि तेव्हा काय चाललं होतं हे लिहिलं की पंधरवड्यात आपल्या वेळा आपल्यालाच दिसतात. कुणाची जेवणानंतरची, कुणाची मिसळीनंतरच्या चहाची, कुणाची शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेरची. तलफ बहुधा पाच-दहा मिनिटांत उतरते. वेळ कळली की तेवढी मिनिटं कशी काढायची ते ठरवता येतं.

त्या ओळीतली सुपारी मला टोचली. सिगारेट सोडताना तोंडाला चाळा म्हणून सुपारी, पुडी, मावा, मिश्री काहीही सुरू होतं आणि वहीत "सिगारेट ०" दिमाखात दिसत राहतं. सुपारी तंबाखूशिवायही कॅन्सरला कारण ठरते. तेव्हा "तोंडात काय टाकलं" हा रकाना ठेवा आणि बडीशेप-लवंगेपासून पुडीपर्यंत सगळं खरं लिहा. निकोटिन गम चालू असेल तर तोही मोजून लिहा. गम च्युइंगगमसारखा सतत चावायचा नसतो. झणझणायला लागला की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी किंवा आंबट पेय नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

चहाचा हिशोब

हा भाग लोकांना माहीत नसतो आणि त्रास मात्र खूप होतो. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातल्या एका एन्झाइमला जादा कामाला लावतात. हाच एन्झाइम चहा-कॉफीतलं कॅफिन शरीराबाहेर काढतो. धूर थांबला की आठवड्याभरात त्याचा वेग सामान्य होतो, आणि तेच कॅफिन शरीरात आधीच्या दुपटीच्या आसपास साचू शकतं. म्हणजे तुम्ही आधीइतकेच पाच कप पीत असलात तरी शरीराला ते आठ-दहा कपांसारखे लागतात. हात थरथरणं, छातीत धडधड, चिडचिड आणि रात्री टक्क जाग, या सगळ्याचा दोष लोक निकोटिन सुटण्याला देतात. त्यातला काही वाटा चहाचा असतो.

म्हणून वहीत चहाचा आकडा हवाच, आणि सोडायच्या दिवसापासून कप निम्मे करा. मित्राने पाचावरून दोनावर आणले, संध्याकाळी सहानंतर बंद केला, आणि पुढच्या दोन आठवड्यांत त्याच्या वहीत झोप साडेपाचावरून सातवर गेलेली दिसते. बाकी कारणंही असतील, पण चहा आधी कमी करून बघणं कुणालाही जमण्यासारखं आहे.

याच एन्झाइममुळे काही औषधांचं प्रमाणही बदलावं लागतं. दम्यासाठी थिओफिलिनच्या गोळ्या घेणारे आणि मनोविकारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन घेणारे, यांनी सिगारेट सोडायची तारीख डॉक्टरांना आधी कळवलीच पाहिजे, कारण तोच डोस अंगात जास्त साचू शकतो. रक्त पातळ करायचं वॉरफरिन चालू असेल तरीही सांगा. मधुमेह असेल तर पहिले दोन-तीन महिने साखर जरा जास्त वेळा तपासा. डोस आपल्या मनाने कमी-जास्त करायचा नाही.

आकडे वाचायचे कसे

पहिले तीन दिवस सगळ्यात अवघड. चिडचिड, डोकं जड, लक्ष न लागणं, भूक, हे सगळं तेव्हा टोकाला असतं आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक निवळतं. त्या तीन दिवसांचे गुण वाचत बसू नका, फक्त लिहा.

खोकला वाढतो कारण श्वासनलिकेतले बारीक केस धुराने सुस्तावलेले असतात. ते पुन्हा हलायला लागले की साचलेला कफ वर ढकलतात. तोंड येणं सुरुवातीच्या आठवड्यांत नेहमीचं आहे आणि सहसा महिन्याभरात थांबतं. हिरड्यांतून रक्त येण्याचं कारण उलटं आहे: सिगारेट रक्तवाहिन्या आवळून ठेवते, त्यामुळे हिरडीचा आजार असला तरी रक्त दिसत नव्हतं. आता दिसायला लागलं, म्हणजे दंतवैद्याकडे जायची वेळ झाली. पोट साफ न होणं निकोटिन थांबल्यामुळे. पाणी, पालेभाजी आणि चालणं यांवर ते बहुधा मार्गी लागतं.

वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. काहींचं वाढतच नाही, काहींचं जास्त वाढतं. चव आणि वास परत आल्याने जेवण जास्त जातं हेही खरं. नेहमीची मिसळ अचानक जास्त तिखट लागली तर त्या दिवसाच्या ओळीत तशी नोंद करा. या वाढलेल्या वजनाला घाबरून परत सिगारेट धरू नका. चार किलोंचा धोका आणि सिगारेटचा धोका यांची बरोबरी होत नाही.

दम आणि पीक फ्लोचे आकडे दोन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत हळूहळू बदलतात. एका दिवसाचा आकडा दुसऱ्या दिवसाशी ताडून बघू नका, आठवड्याच्या सात आकड्यांतला मधला आकडा काढा आणि आठवडे एकमेकांशी ताडा. ऋतूचंही भान ठेवा. दिवाळीच्या फटाक्यांचा आठवडा आणि डिसेंबर-जानेवारीतली नाशिकची बोचरी पहाट, या दोन्हींत ज्याची छाती नाजूक आहे त्याचा पीक फ्लो उतरणारच. ऑक्टोबरमध्ये सोडणाऱ्याला जानेवारीत "काहीच फरक नाही" असं वाटू शकतं. अशा वेळी खुर्चीची परीक्षा आणि सकाळचे ठोके जास्त खरं सांगतात. पानाच्या कोपऱ्यात हवामान लिहा: थंडी, धूळ, पाऊस, सर्दी.

मध्येच एखादी ओढली गेली तर तीही त्याच ओळीत लिहा: किती, कुठे, कुणासोबत. पान फाडू नका आणि दिवसांची मोजणी शून्यापासून सुरू करू नका. पुढच्या ओळीला पुढचा दिवस.

व्हेपवर असाल तर

पहिला प्रश्न वहीला हा विचारा: सिगारेट पूर्ण थांबली का? दिवसा ऑफिसात व्हेप आणि संध्याकाळी मित्रांसोबत चार सिगारेटी, असं चालू असेल तर धुराचा त्रास चालूच आहे. चार सिगारेटी म्हणजे धोका अगदी थोडा, असंही नाही. हृदयाच्या बाबतीत थोड्या सिगारेटीही बरंच नुकसान करतात. तेव्हा सिगारेट आणि व्हेप यांचे रकाने वेगळे ठेवा.

पूर्ण बदल केला असेल तर जळणं थांबल्यामुळे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो, आणि काहींचा खोकला-कफही कमी होतो. चहाचा वर सांगितलेला हिशोब तुम्हालाही तसाच लागू होतो, कारण तो एन्झाइम धुरामुळे चेकाळतो, निकोटिनमुळे नाही. बदलत नाही ती निकोटिनची पकड. सकाळचे ठोके फारसे उतरले नाहीत, रात्री उठून झुरका घ्यावा लागतो, व्हेप घरी विसरला तर गंगापूर रोडवरून परत फिरावं लागतं, या सगळ्या नोंदी त्याच्याच खुणा आहेत. घसा कोरडा पडणं आणि घशाला खाज येणं हे व्हेपच्या द्रवातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलमुळे होऊ शकतं.

किती ओढता हे झुरक्यांवरून कळत नाही, द्रवावरून कळतं. डबीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटिन, म्हणजे दोन मिलिलिटरच्या पॉडमध्ये (व्हेपमध्ये बसवायच्या द्रवाच्या कुपीत) १०० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून अंगात साधारण १ ते २ मिलिग्रॅम जातं. पॉडमधलं सगळं अंगात जात नाही, तरी तो किती दिवसांत संपतो ती तारीख लिहिली की आपण पूर्वीपेक्षा कमी घेतोय की जास्त याचा अंदाज येतो. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडवायला व्हेपचा वापर होतो, पण तिथे कायद्याने मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम आहे आणि मालाची नोंदणी लागते. तिथलं "सिगारेटपेक्षा कमी घातक" हे मत इथल्या चोरट्या मालाला लावता येत नाही. इथे डबीवर छापलेला आकडा खराच असेल याची हमी कुणी दिलेली नाही.

२०१९-२०मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसांना इजा होऊन २,८०७ लोक रुग्णालयात दाखल झाले किंवा दगावले, त्यांतले ६८ मृत्यू. मुख्य संशय गांजाच्या तेलात भेसळ केलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर होता, आणि तो माल बहुतांशी अनधिकृत मार्गाने आलेला होता. त्यामुळे व्हेप ओढणाऱ्याला धाप, छातीत दुखणं, ताप आणि सोबत उलट्या-जुलाब अशी लक्षणं एकत्र दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि व्हेपबद्दल लपवू नका.

व्हेपवरून निकोटिन गमवर आणि मग शून्यावर यायचं, असा टप्पा वहीत तारखेसकट लिहून ठेवा. तारीख नसेल तर तात्पुरता म्हणून धरलेला व्हेप वर्षानुवर्षं खिशात राहतो.

वही बाजूला ठेवून दवाखाना गाठायच्या वेळा

"सोडल्यावरचा खोकला" म्हणून दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ अंगावर काढू नका. दोन आठवड्यांवर गेलेल्या खोकल्याला टीबीची तपासणी हवी, आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. सिगारेट ओढणाऱ्यांना टीबीचा धोका जास्त असतो. बेडक्यात रक्त, संध्याकाळचा ताप, मेहनत न करता उतरणारं वजन, यांपैकी काही असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका.

तोंड आलंय असं वाटणारी जखम तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा गालात पांढरा-लाल चट्टा दिसला, तर दंतवैद्याला दाखवा. महिन्यातून एकदा आरशासमोर तीन बोटं उभी तोंडात जातात का ते बघा. जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय, विशेषतः सुपारी-पुडी खाणाऱ्यांनी हे बघावंच.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर १०८ला फोन करा. तेव्हा बीपी मोजत बसू नका.

मन फार खाली गेलं, दोन आठवडे कशातच रस वाटेना, जगणं नकोसं वाटलं, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे. निकोटिन सुटताना मन खचणं होतं, आणि त्यावर मदत मिळते.

डॉक्टरांकडे नेताना

पूर्ण वही पुढे करू नका, ओपीडीत ती कुणी वाचणार नाही. आदल्या रात्री एक पान तयार करा. वर पॅक-इयर, सोडल्याची तारीख, चालू औषधं. खाली चार रकाने: सोडण्याआधी, एक महिना, तीन महिने, आज. आडव्या ओळींत ठोके, बीपी, पीक फ्लो, खुर्चीचे आकडे, वजन, कंबर, खोकल्याचे गुण, चहा, आणि तोंडात काय जातं ते. मध्ये किती ओढल्या गेल्या हेही लिहा, डॉक्टर रागावतील म्हणून गाळू नका, औषध त्यावरूनच ठरतं. शेवटी तुमचे दोन प्रश्न मोठ्या अक्षरात. लॅबचे रिपोर्ट तारखेच्या क्रमाने मागे टाचणीने लावा. रोजची नोंद तीन महिन्यांनंतर आठवड्यावर आणि सहा महिन्यांनंतर महिन्यावर आणली तरी चालते. स्पायरोमेट्री मात्र वर्ष पुरं झाल्यावर शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच ऋतूत पुन्हा करा.